मीटरबोर्डावरचा लाल दिवा काय सांगतो?



गळीत हंगाम जवळ आला की आपण ट्रॅक्टर-ट्रॉलीची तयारी करतो. ट्रॉलीचे टायर बघतो, हुक आणि पिन बघतो, फळ्या बदलतो, पाठीमागे रिफ्लेक्टर लावतो. ऑईल बदलून ग्रीसही मारतो. पण ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर जो मीटरबोर्ड असतो, त्याच्यावरचे दिवे चालू आहेत की बंद, हे किती जण बघतात? आमच्या शेतकी व वाहतूक विभागाचा अनुभव असा की, दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या ट्रॅक्टरचा मीटरबोर्ड म्हणजे धुळीने माखलेली एक काच, एवढेच राहिलेले असते. काटे हलत नाहीत, दिवे लागत नाहीत, आणि मालक म्हणतो, "इंजिनचा आवाज ऐकून मला सगळं कळतं." आवाजावरून बरेच कळते हे खरे. पण आवाज बदलेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. दिवा त्याच्या आधी सांगतो.

एका हंगामातली गोष्ट आहे. आपल्याच एका सभासदाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या भरून रात्री कारखान्याकडे निघाला होता. जानेवारीचा महिना, मुलगा गाडीवर. चढाला लागला आणि इंजिनमधून कडकड आवाज आला, दोन मिनिटांत इंजिन जाम. सकाळी फिटरने चेंबर खोलला तर बेअरिंगचा चुरा निघाला, क्रँक पार ओरबाडलेली. चेंबरच्या नटाचा वॉशर झिजून वाटेने ऑईल गळत गेले होते. वडील मुलावर भडकले, "दिवा दिसला नाही का तुला?" मुलगा म्हणाला, "दादा, दिवा लागलाच नाही." मुलगा खरे बोलत होता. आदल्या वर्षी तो दिवा सारखा लुकलुकतो म्हणून एका गॅरेजमध्ये त्याची वायरच तोडून टाकली होती. वडिलांना ते आठवले तेव्हा ते खाली बसले.

दोन ट्रॉल्यांतला ऊस दुसऱ्या गाडीत भरून कारखान्यावर यायला तीन दिवस गेले. तोडलेला ऊस 24 तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आपण नेहमी म्हणतो, कारण नंतर वजनही घटते आणि साखरही. तोडणीची टोळी बसून राहिली, दिलेली उचल अंगावर आली, बँकेचा हप्ता थांबला तो वेगळाच. हे सारे एका तोडलेल्या वायरीपायी. म्हणून या अंकात दिव्याचीच माहिती द्यायचे आम्ही ठरविले.

दिवा ऑईल मोजत नाही, दाब मोजतो

ऑईलच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा हा मीटरबोर्डावरचा सर्वांत महत्त्वाचा दिवा. पुष्कळांचा समज असा की ऑईल कमी झाले की हा दिवा लागतो. ते तितकेसे बरोबर नाही. हा दिवा ऑईलची पातळी बघत नाही, ऑईलचा दाब बघतो.

इंजिनच्या तळाशी चेंबरमध्ये ऑईल असते. पंप ते जाळीतून ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोचवतो. क्रँक मिनिटाला दीड-दोन हजार फेरे फिरते. ती बेअरिंगवर टेकलेली नसते, केसाहून पातळ अशा ऑईलच्या थरावर तरंगत असते. दाब गेला की तो थर गेला आणि धातूला धातू लागला. मग उष्णता, मग वितळलेले बेअरिंग, मग जाम. भरल्या ओझ्यावर या सगळ्याला काही मिनिटे पुरतात.

हा दाब ओळखण्यासाठी इंजिनच्या अंगावर अंगठ्याएवढा एक स्विच बसविलेला असतो. त्याच्या आत एक पडदा आणि स्प्रिंग असते. दाब नसेल तेव्हा स्प्रिंग टोके जोडून ठेवते आणि वायरीला अर्थ मिळून दिवा लागतो. दाब आला की पडदा सरकतो, टोके सुटतात, दिवा विझतो. बहुतेक स्विच साधारण अर्धा किलो दाबाच्या आसपास सुटतात. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. दिवा विझला म्हणजे दाब भरपूर आहे असे नव्हे, अगदीच गेलेला नाही इतकेच. आणि दिवा लागला म्हणजे आता विचार करायला वेळ उरलेला नाही.

काही ट्रॅक्टरांवर दिव्याऐवजी दाबाचा काटा असतो. तो अधिक चांगला, कारण दाब हळूहळू घसरत असेल तर तो आधीच दाखवतो. पण त्याच्याकडे बघायला हवे.

रोज सकाळची परीक्षा

ही परीक्षा फुकटची आहे आणि अर्ध्या मिनिटात होते. चावी फिरवा, पण स्टार्टर मारू नका. ऑईलचा दिवा आणि बॅटरीच्या चित्राचा चार्जिंगचा दिवा, असे दोन्ही लागले पाहिजेत. नंतर इंजिन चालू करा. दोन्ही दिवे काही सेकंदांत विझले पाहिजेत.

चावी फिरवून दिवा लागलाच नाही, तर "बरं झालं, काही बिघाड नाही" असे समजू नये. बल्ब गेला आहे, वायर तुटली आहे, किंवा कुणीतरी काढून ठेवली आहे. स्विचवरची वायर काढून इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवावी. दिवा लागला तर बल्ब आणि वायर चांगली, स्विच खराब. नाही लागला तर बल्ब, फ्यूज आणि वायर तपासावी. उंदीर वायरी कुरतडतात, विशेषतः पावसाळाभर शेडमध्ये उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या. जो राखणदार कधीच भुंकत नाही, त्याच्या भरवशावर दार उघडे टाकून कोण झोपेल?

चालत्या गाडीवर दिवा लागला तर

पहिले काम एकच, इंजिन बंद करणे. "यार्ड दोन किलोमीटरवर आहे, एवढं जाऊ दे" हा विचार मनात येतो. तिथेच घात होतो. गाडी कडेला घ्या, स्टॉप ओढा, चाकांना दगड लावा, मागच्या वाहनांना दिसेल अशी खूण करा. नंतर पुढील क्रमाने तपासा. क्रम सोडू नये, कारण तो स्वस्तापासून महागापर्यंत लावलेला आहे.

एक : पट्टी बघा. सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबा. ऑईलची पट्टी ओढून पुसा, परत घाला, परत काढा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी असेल तर योग्य प्रतीचे ऑईल घाला आणि गेले कुठे ते शोधा. चेंबरचा नट, फिल्टरचा रबर, टॅपेट कव्हर आणि क्रँकचे पुढचे-मागचे सील बघा. जमिनीवर डाग नाही आणि धुराड्यातून निळसर धूर येतो, तर इंजिन ऑईल जाळते आहे. ऑईल थोडेच कमी असेल तर दिवा फक्त चढावर किंवा उतारावर लागतो आणि सपाटीवर विझतो, कारण इंजिन कलले की जाळी उघडी पडून पंप हवा ओढतो. अशा दिव्याला "येतो-जातो" म्हणून सोडून देऊ नका.

दोन : ऑईलचा वास आणि रंग बघा. पातळी खुणेच्या वर गेली असेल तर आनंद मानू नका. ऑईल आपोआप वाढत नसते. डिझेलचा वास आला आणि बोटावर ऑईल पाण्यासारखे पातळ लागले, तर फीड पंपाचा पडदा किंवा डिझेल पंपाचे सील गेले असण्याचा संभव आहे आणि डिझेल चेंबरमध्ये उतरते आहे. पातळ ऑईल दाब धरत नाही. ऑईल दुधाळ, ताकासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. हेडचे गॅस्केट किंवा लायनरचे रबर गेले असेल. या दोन्ही स्थितींत इंजिन चालू करूच नये.

तीन : स्विच आणि वायर तपासा. पातळी बरोबर, रंग-वास बरोबर, तरी दिवा लागतो, तेव्हा इंजिन बंद ठेवून चावी फिरवा आणि स्विचवरची वायर काढा. दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर वायर वाटेत कुठेतरी सोलून पत्र्याला लागली आहे. दिव्याला दाबाशी काही घेणेदेणे नाही, वायर दुरुस्त करा. विझला तर वायर ठीक. आता दोनच शक्यता राहिल्या : स्विच खोटे बोलतो आहे किंवा दाब खरोखर नाही.

चार : खरा दाब मोजा. स्विच काढून त्याच जागी दाबाचे घड्याळ बसवून मोजतात. हे घड्याळ चांगल्या फिटरकडे असते, नसेल तर त्याला आणायला सांगा. इंजिन तापल्यावर मोजावे, कारण थंड ऑईल घट्ट असते आणि दाब जास्त दाखवते. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो. ढोबळ अंदाज असा की दर हजार फेऱ्यांमागे पाऊण किलोच्या जवळपास दाब असावा. घड्याळावर दाब चांगला आणि दिवा मात्र लागतो, तर स्विच बदला. तो ऑईलच्या एका डब्यापेक्षाही स्वस्त मिळतो.

या चौथ्या पायरीला फाटा दिल्यामुळे दुसऱ्या एका सभासदाची काय स्थिती झाली तेही सांगतो. दिवा लागला, मेस्त्रीने कान लावला आणि म्हणाला, "बेअरिंग गेली, काम काढावं लागेल." इंजिन खोलले, नवी बेअरिंग घातली, आठ दिवस गाडी उभी. जोडून चालू केले तर दिवा तसाच! शेवटी स्विच बदलला आणि दिवा विझला. निघालेली जुनी बेअरिंग त्या सभासदांनी घरी ठेवली आहेत. आम्ही बघितली, चांगली होती. म्हणून आमची विनंती अशी की, घड्याळ लावून आकडा बघितल्याशिवाय इंजिन खोलायला होकार देऊ नका. "आकडा दाखव" असे म्हणणे हा मेस्त्रीवर अविश्वास नव्हे. आपणही वजनकाट्यावर उभे राहून आकडा बघतोच की!

पाच : दाब खरोखर कमी असेल तर. इंजिन तापल्यावर मंद गतीला दिवा लुकलुकतो आणि रेस दिली की विझतो, ही तक्रार जुन्या इंजिनांत सर्रास दिसते. ऑईल जुने होऊन पातळ झाले असेल, चुकीच्या प्रतीचे असेल, पंपाची जाळी गाळाने भरली असेल, दाबाच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग मऊ पडली असेल किंवा त्यात कचरा अडकला असेल. हे सगळे बघून झाल्यावर शेवटी पंप आणि बेअरिंगची झीज. प्रथम ऑईल आणि फिल्टर बदलून बघा. फिल्टर चोंदला तरी इंजिन कोरडे पडू नये म्हणून ऑईलला दुसरी वाट ठेवलेली असते. पण त्या वाटेने न गाळलेले ऑईल जाते आणि बेअरिंगला कानशीसारखे घासते.

काही जण जाड ऑईल घालून दिवा विझवतात आणि गाडी विकतात, किंवा स्वतःच चालवतात. जाड ऑईलने दिवा विझतो, झीज थांबत नाही. जुना ट्रॅक्टर विकत घेताना म्हणूनच इंजिन अर्धा तास चालवून, चांगले तापवून, मग मंद गतीला दिवा बघावा. चावी फिरवल्यावर दिवा लागतो की नाही हे त्याच्याही आधी बघावे.

चार्जिंगचा दिवा

बॅटरीच्या चित्राचा दिवा लागला म्हणजे बॅटरी गेली असे नव्हे. डायनामो किंवा अल्टरनेटर बॅटरीला वीज पुरवत नाही, हा त्याचा अर्थ. आमच्याच विभागाच्या जीपचे उदाहरण देतो, म्हणजे आम्ही फक्त दुसऱ्याला शिकवतो असे होणार नाही. दिवा लागला आणि आम्ही नवी बॅटरी घेतली. चार दिवसांनी तीही उतरली. बघतो तर फॅनबेल्ट सैल! रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार झाला.

म्हणून आधी बेल्ट बघा. इंजिन बंद असताना बेल्टच्या मध्यभागी अंगठ्याने दाबावे. साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. मग बॅटरीची टोके घासून घट्ट करा. नंतर व्होल्टमीटर लावा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले पाहिजेत. आकडा वाढलाच नाही तर अल्टरनेटर इलेक्ट्रिशियनकडे न्यावा. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून "बघू चालतंय का" हा प्रयोग करू नये, अल्टरनेटरचे डायोड जळतात.

एक गोष्ट विशेष ध्यानात असू द्यावी. बऱ्याच जुन्या इंजिनांत एकच बेल्ट अल्टरनेटर, पंखा आणि पाणीपंप या तिघांना फिरवतो. चार्जिंगचा दिवा लागला आणि पाठोपाठ तापमानाचा काटा चढू लागला, तर बेल्ट तुटला आहे असे समजून लगेच थांबा. हा दिवा विजेचा असला तरी त्या वेळी तो इंजिन वाचवत असतो.

तापमानाचा काटा

ऊस वाहतुकीत इंजिन तापण्याचे एक कारण आपल्या फडातच असते. वाळलेले पाचट आणि कूस पंख्याने ओढली जाऊन रेडिएटरच्या जाळीवर गादीसारखी बसते. पाणी पूर्ण, बेल्ट ठीक, तरी काटा लाल भागाकडे, असे झाले की पहिल्याने जाळी बघा. रोज संध्याकाळी इंजिन थंड झाल्यावर पंख्याच्या बाजूने हवा किंवा हलके पाणी मारावे. दुसरे कारण ओझे. दोन ट्रॉल्या शिगोशीग भरून चढाला खालच्या गिअरमध्ये ओढल्या की इंजिन तापणारच. तापले की ऑईल पातळ होते, दाब घसरतो आणि ऑईलचा दिवा लुकलुकू लागतो. तेव्हा दोन्ही एकदम दिसले तर आधी तापण्याचे कारण शोधा.

काटा चढला, पण बेल्ट शाबूत आहे आणि पाणी गळत नाही, अशा वेळी ओझे सोडून इंजिन दोन-तीन मिनिटे मंद गतीवर चालू ठेवावे म्हणजे उष्णता हळूहळू उतरते. बेल्ट तुटला किंवा पाणी गेले असेल तर मात्र ताबडतोब बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत दाबाखालचे पाणी असते, ते तोंडावर उसळते. तापल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नये, हेडला तडा जातो. आणि काटा अगदी खाली पडून राहिला म्हणून निश्चिंतही राहू नये. वायर सुटली तरी काटा खालीच राहतो.

पिवळा दिवा : नव्या जमान्याची भाषा

आता कित्येक सभासदांकडे पिकअप आहेत, जुन्या मोटारी आहेत. त्यांच्या मीटरबोर्डावर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा असतो. 2010 पासून भारत स्टेज-4 च्या नियमांबरोबर मोटारींत स्वतःची तपासणी स्वतः करणारी ही व्यवस्था आली. स्टेज-4 देशभर 2017 पासून आणि स्टेज-6 हे 2020 पासून लागू झाले. 50 हॉर्सपॉवरवरील ट्रॅक्टरांनाही 2023 पासून कडक नियम आले, त्यामुळे नव्या मोठ्या ट्रॅक्टरांतही हीच भाषा आली आहे.

लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवा, असा साधा नियम. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट ओढत असेल तर जपून गॅरेजपर्यंत न्यावी. पेट्रोल गाडीत तो उघडझाप करू लागला तर एखादा सिलिंडर नीट जळत नाही. न जळलेले पेट्रोल धुराड्यातील महागडे कन्व्हर्टर खराब करते, तेव्हा गाडी थांबवावी.

हा दिवा लागला की संगणक एक कोड नोंदवून ठेवतो. स्टिअरिंगखालच्या सोळा टोकांच्या सॉकेटला यंत्र जोडून तो वाचतात. पण कोड म्हणजे निकाल नव्हे, तो तक्रार अर्ज आहे. उदाहरणार्थ, पी 0087 हा कोड "डिझेलचा दाब कमी" एवढेच सांगतो. त्याचे कारण पंप असेल, किंवा नुसता चोंदलेला डिझेल फिल्टर असेल. पी 0335 म्हणजे क्रँकच्या सेन्सरच्या वायरिंगमध्ये तक्रार. सेन्सर गेला असेल किंवा त्याचा प्लग नुसता सैल झाला असेल. यंत्राने कोड दाखवला म्हणून लगेच महागडा भाग बदलू देऊ नका. आधी फिल्टर, प्लग, वायर, आणि मग भाग. आणि कोड पुसून दिवा विझवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. कारण राहिले असेल तर दिवा पुन्हा लागतो.

आमचे सांगणे

जुने ट्रॅक्टर वाईट नसतात. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2016 साली घेतला, पण ते ट्रॅक्टर अजूनही कामाला जुंपलेले दिसतात. त्यांना टिकवले ते मालकांच्या डोळ्यांनी. हंगामापूर्वी प्रत्येक वाहतूकदार सभासदाने मीटरबोर्डाची काच पुसावी, दोन्ही लाल दिवे लागतात-विझतात याची खात्री करावी, एक जादा बेल्ट, एक बल्ब आणि ऑईलचा एक डबा गाडीत ठेवावा. ऑईल कधी बदलले ते तारखेने आणि तासांनी वहीत लिहावे. तासांचा मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालत असेल, तर यार्डात रांगेत इंजिन मंद गतीवर ठेवलेला वेळ त्यात कमीच मोजला जातो, हेही ध्यानात ठेवावे. रांगेत इंजिन बंद ठेवणे सर्वांत उत्तम.

आणि शेवटचे, पण महत्त्वाचे. गाडीवर पगारी ड्रायव्हर असो की घरचा मुलगा, त्याला स्पष्ट सांगून ठेवा : "लाल दिवा लागला तर गाडी जागेवर थांबव. खेप बुडाली तरी मी बोलणार नाही." पुष्कळ ड्रायव्हर दिवा बघूनही गाडी पुढे रेटतात, ते मालक रागावेल या भीतीने. ती भीती आपणच काढली पाहिजे. खेप दुसऱ्या दिवशीही करता येते.

ज्या सभासदाचे इंजिन त्या रात्री जाम झाले, त्यांनी पुढच्या हंगामापूर्वी ट्रॅक्टर उभा केला, नवी वायर ओढली, नवा बल्ब बसवला. आता सकाळी चावी फिरवली की त्यांचा मुलगा क्षणभर थांबतो, दोन्ही दिवे बघतो आणि मगच स्टार्टर मारतो. आपणा सर्वांना एवढेच सांगणे आहे की, तो एक क्षण आपणही थांबावे.

हंगाम सर्वांना सुखरूप व बिनअपघाताचा जावो.